हिमोग्लोबिन ९.६, फेरीटिन 'नॉर्मल' आणि अंगात त्राण नाही. आरए असलेल्यांनो, तुमचं कसं चाललंय?

कण्हेर
सगळ्यांना नमस्कार. एरवी मी बागकामाच्या आणि लोणच्यांच्या धाग्यांवर असते. आज दुखण्याचं लिहितेय, थोडं लांबेल.

वय ४३. सहा वर्षांपूर्वी रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए, हा सांध्यांच्या सुजेचा आजार निघाला. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, रोज एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन), आणि सांधे फारच ठणकले तर दुखण्याची गोळी. सुरुवातीला सकाळी बाटलीचं झाकण उघडत नव्हतं, कणीक मळता येत नव्हती. ते सगळं बऱ्यापैकी आटोक्यात आलं होतं.

दिवाळीपासून मात्र वेगळंच काहीतरी चाललंय. दुखतं त्यापेक्षा गळून जास्त जाते. माझा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे. बावीस पायऱ्या. मधल्या वळणावर कठड्याला धरून उभं राहावं लागतं, कानात धडधड ऐकू येते. पाचव्या तासाला फळ्यावर लिहिताना हात आपोआप खाली येतो. घरी आले की खांद्यावरची पर्स न काढता दिवाणावर पडते, उठते ती दिवेलागणीला. आणि झोपून उठलं तरी झोप झालीय असं वाटत नाही.

तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन ९.६ (मागच्या वर्षी ११.८ होतं), फेरीटिन (लोहाच्या साठ्याचं माप) ८६, आणि सुजेची मापं: सीआरपी २४, ईएसआर ५८. एक डॉक्टर म्हणाले, फेरीटिन नॉर्मल आहे, लोह भरपूर आहे, आजारामुळे रक्त कमी झालंय, चालायचंच. दुसऱ्यांनी रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या, त्याने पोट बिघडलं. सासूबाई रोज न चुकता खजूर आणि बीट समोर ठेवतात.

मला विचारायचंय ते हे: हा थकवा रक्त कमी असल्याचा की आरएचा? ओळखायचं कसं? आणि ज्यांना असं होतं ते दिवस कसा काढतात?

आमच्या शाळेत मुलींना दर आठवड्याला लोहाच्या निळ्या गोळ्या असतात. त्या मीच देते, समोर उभं राहून गिळायला लावते. परवा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही का नाही घेत? तुमचे ओठ पांढरे दिसतात." त्या रात्री हा धागा लिहायला बसले.

मधुमालती
कण्हेरताई, पर्ससकट दिवाणावर पडण्याचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मला नऊ वर्षं आरए आहे. लोकांना सुजलेली बोटं दिसतात, थकवा दिसत नाही. "थकतो तर आम्हीपण" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! कामाने आलेला थकवा रात्रीच्या झोपेने जातो. हा सकाळी आपल्याआधी उठून बसलेला असतो.

लॅबवाले_काका
मी पॅथॉलॉजिस्ट, आता निवृत्त. इथून निदान करणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच करायचं. पण तुमच्या रिपोर्टवरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे अनेक बायका वर्षानुवर्षं अशाच राहिलेल्या पाहिल्यात.

आरएसारख्या आजारात शरीरात सतत सूज धुमसत असते. त्या सुजेतून आयएल-६ नावाचं रसायन सुटतं. ते यकृताला हेपसिडिन बनवायला लावतं. हेपसिडिन म्हणजे कुलूप समजा. आतड्यातून लोह रक्तात यायचा दरवाजा आणि साठ्यातून लोह बाहेर पडायचा दरवाजा एकच आहे, फेरोपोर्टिन. त्यालाच हे कुलूप बसतं. कणगी धान्याने भरलेली आहे, पण कुलूप असल्यामुळे चुलीपर्यंत दाणा पोचत नाही, अशी अवस्था. खरं तर ही शरीराची जुनी युक्ती. जंतूंना वाढायला लोह लागतं, म्हणून संसर्ग झाला की शरीर ते लपवून ठेवतं. आरएमध्ये जंतू नसतात, कुलूप मात्र लागलेलंच राहतं.

आता फेरीटिन. ते साठ्याचं माप, हे बरोबर. पण सूज असली की फेरीटिन आपोआपही वाढतं. निरोगी माणसात ३० च्या खाली गेलं की लोह कमी म्हणायचं. सूज असताना मात्र १०० पर्यंतसुद्धा लोह कमी असू शकतं. तुमचं ८६, सोबत सीआरपी २४. याला मी 'नॉर्मल' म्हणून बाजूला ठेवणार नाही. सीरम आयर्न (रक्तातलं लोह) आणि टीआयबीसी (रक्त एकूण किती लोह वाहू शकतं ते) करून घ्या. पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणलं की ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन मिळतं. ते २० टक्क्यांखाली असेल तर पेशी बनवायला लोह पुरत नाहीये. सीबीसीमधला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतला, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) किती आहे? स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलाय का कोणी? आणि मेथोट्रेक्सेटबरोबर फॉलिक ॲसिड चालू आहे ना?

अजून एक. पाळी, मूळव्याध, पोट. रक्त जातंय का कुठून? ११.८ वरून ९.६ एका वर्षात आलंय. "चालायचंच" म्हणून सोडून देण्यासारखा हा आकडा नाही.

गोदाकाठ
काकांनी सुंदर सांगितलंय, कणगीचं तर एकदम पटलं. मी आपली स्वयंपाकघरातली भर घालते. अळिवाचे लाडू. नारळ, गूळ, अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून. आमच्याकडे बाळंतिणीला देतात, पण ते फक्त बाळंतिणीचं कशाला? रोज एक खा. आणि आमटी लोखंडी कढईत करा, कोकम किंवा चिंच घालून. आंबटामुळे कढईतलं लोह उतरतं. फक्त झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर काळी पडते.

सह्याद्रीपुत्र
स्पष्ट बोलतो, राग नसावा. मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध आहे. सहा वर्षं ते घेतल्यावर रक्त कमी होणार नाही तर काय? थकवा त्याचाच आहे. आधी ते बंद करा, सगळं आपोआप ठीक होईल. माझ्या आत्याने सोडलं आणि गावाकडच्या एका माणसाच्या पुड्या सुरू केल्या. आठ दिवसांत सूज गायब. आता शेतात जाते.

रमा७७
इतके दिवस नुसती वाचत होते. वरचा प्रतिसाद वाचून लॉगिन केलं.

सह्याद्रीपुत्र, तुमच्या आत्याबद्दल मनापासून काळजी वाटते म्हणून सांगते. माझ्या आईने हेच केलं होतं. पुडीत राखाडी पावडर असायची, मधातून घ्यायची. तिसऱ्या दिवशी आई चक्क जात्यावर बसली, आम्ही सगळे आनंदात. चार महिन्यांनी चेहरा गोल झाला, गाल लाल, मानेवर मांसाचा उंचवटा आला, साखर २८० निघाली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी चेहरा पाहूनच विचारलं, "कुठल्या पुड्या घेता?" स्टिरॉइड होतं त्यात. आणि घाबरून आम्ही पुड्या एका दिवसात बंद केल्या, ते आणखी वाईट. आईचं बीपी इतकं खाली गेलं की आयसीयूत ठेवावं लागलं. महिनोन् महिने स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, अचानक तोडायचं नसतं. हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

आठ दिवसांत सूज गायब करणारी पुडी असेल तर आत्याला आधी डॉक्टरकडे न्या. पुडी सोबत न्या. आपल्या आपण बंद करू नका.

सह्याद्रीपुत्र
रमाताई, हे माहीत नव्हतं. आत्याचा चेहरा सुजल्यासारखा दिसतो खरा, आम्ही म्हणत होतो तब्येत सुधारली. रविवारी गावी जातोय.

मधुमालती
मेथोट्रेक्सेटबद्दल. मी एकदा सात महिने सोडलं होतं. थकवा कमी झाला नाही, तिप्पट झाला. सूज भडकली आणि हिमोग्लोबिन आणखी खाली गेलं, १०.५ चं ८.९. काकांचं कुलूप आता वाचल्यावर कळलं का ते.

पण गोळी घेतल्यावरचा एक दिवस वाईट जातो, हेही खरं. मळमळ, डोकं जड. मी शनिवारी रात्री घेते म्हणजे रविवार लोळता येतं. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी गोळीचं इंजेक्शन करून दिलं, मळमळ बरीच कमी झाली.

लॅबवाले_काका
कॅन्सरला दिली जाणारी मात्रा आणि आरएची मात्रा यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पण हे औषध हलक्यात घ्यायचं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी आणि लिव्हरच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत.

आणि आठवड्यातून एकदाच. एक बाई आमच्या लॅबमध्ये आल्या होत्या, तोंडभर फोड, पाणीसुद्धा गिळता येईना. चिठ्ठीवर आठवड्याला एकदा लिहिलं होतं. घरात सुनेने इतर गोळ्यांबरोबर रोजच्या डबीत भरली, अकरा दिवस रोज गेली. पांढऱ्या पेशी ९०० वर, प्लेटलेट्स तळाला. दवाखान्यात भरती होऊन वाचल्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: ही गोळी रोजच्या डबीत ठेवू नका. वेगळी डबी, तिच्यावर वार लिहा. आमच्या शेजारच्या एक आजी लाल धाग्याने बांधलेल्या डबीत ठेवतात.

वैदर्भी
नागपूरहून. सगळेच लोहाबद्दल बोलताहेत म्हणून एक वेगळा मुद्दा. एमसीव्ही कमी आला म्हणजे दरवेळी लोहच कमी असं नसतं. माझं हिमोग्लोबिन कायम १०.५ च्या आसपास. कॉलेजपासून लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, ढिम्म फरक नाही. लग्नाआधी कोणीतरी शहाण्या डॉक्टरने एचबी इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार पाहणारी तपासणी) करायला लावलं, थॅलेसेमिया मायनर हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष निघाला. आमच्या विदर्भात सिकलसेलही आहे, गडचिरोली-चंद्रपूरकडे तर विचारूच नका. आयुष्यात एकदा ही तपासणी प्रत्येकाने करून घ्यावी. नाहीतर नको असलेलं लोह आयुष्यभर गिळत बसायचं.

लॅबवाले_काका
वैदर्भी, अगदी योग्य. घरगुती ताळा म्हणून एमसीव्हीला आरबीसी काउंटने (लाल पेशींच्या संख्येने) भागायचं. १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा विचार, वर आलं तर लोह कमी असण्याकडे झुकतं. हा फक्त अंदाज, पक्कं उत्तर तपासणीतूनच.

चिंचपाणी
मला आरए नाही, पण रक्त सहा झालं होतं. एक लक्षण कोणी लिहीत नाही, लाजेपोटी. मी कच्चे तांदूळ खायचे. मुठीने. पाटीवरची पेन्सिलसुद्धा कुरतडायचे, वयाच्या ३६ व्या वर्षी! फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावायचे. रात्री पाय असे वळवळायचे की नवऱ्याला वाटायचं मी मुद्दाम लाथा मारते. लोह भरल्यावर महिन्याभरात हे सगळं थांबलं. तांदळाचा डबा उघडला तर आता वाससुद्धा नकोसा वाटतो.

कण्हेर
चिंचपाणी, मी बर्फ चावते! शाळेतून आल्यावर ट्रे रिकामा करते. मला वाटलं उन्हामुळे.

सगळ्यांचे खूप आभार. काका, फॉलिक ॲसिड चालू आहे. एमसीव्ही ७४ आहे, आरबीसी ४.१. उरलेल्या तपासण्या शनिवारी करते.

गोदाकाठ
७४ भागिले ४.१, म्हणजे १८. काका, जमलं का मला? :)

लॅबवाले_काका
जमलं! लॅब उघडा आता.

शिंपले
गोंयच्यान. आमच्या घरी रक्त कमी म्हटलं की तिसऱ्या. शिंपल्यातल्या लोहाची सर पालकाला नाही. पालकातलं लोह अंगी कमी लागतं, आणि बिटाचा रंग लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही, बिटात लोह थोडंच असतं. मांसाहार चालत असेल तर कलेजी, मटण, तिसऱ्या. नसेल तर मटकी, चवळी, हरभरे मोड आणून आणि वर लिंबू पिळून. लिंबू पाहिजेच.

सासूबाईंचं बीट कोशिंबीर म्हणून आवडीने खा, त्यात प्रेम आहे. त्याला औषध समजू नका.

गोदाकाठ
शिंपले, आम्ही कांदासुद्धा चातुर्मासात सोडणारे, तिसऱ्या कुठल्या! मोडाची मटकी घेते.

आणि चहा! जेवणावर लगेच चहा घेणाऱ्या सगळ्यांनी इकडे लक्ष द्या. चहाने लोह अंगी लागत नाही. तास-दीड तास अंतर ठेवा.

ओंकार_के
चहावरून घरात आमची कायम जुंपते, पण मी दुसऱ्या कारणासाठी लिहितोय. बायकोला आरए आहे, पाच वर्षं. मी नवरा म्हणून काय शिकलो ते सांगतो, एखाद्या घरात उपयोग होईल.

पहिलं दीड वर्ष मी तिला "जरा उत्साह आण, फिरायला चल" असं म्हणायचो. मनात कुठेतरी होतं की ही टाळते आहे. एके दिवशी ती पोळ्या लाटत होती. तिसऱ्या पोळीला लाटणं तसंच ठेवून ओट्याला डोकं टेकवून उभी राहिली. गॅस चालू, तव्यावरची पोळी जळतेय, वास सुटलाय आणि तिला हात वर करून ती काढता येईना. मी तिला कधीच विचारलं नव्हतं की अंगात किती आहे. तेव्हापासून रोज सकाळी विचारतो, "आज किती आणे?" ती सांगते. बारा आणे असेल तर आम्ही बाहेर जातो. चार आणे असेल तर त्या दिवशी पोळ्या पोळीभाजी केंद्रातून येतात आणि त्याबद्दल घरात कोणी एक शब्द बोलत नाही. बारा आणे असलेल्या दिवशी तिने सोळा आण्यांचं काम काढलं तर पुढचे तीन दिवस चार आण्यांचे जातात, हे आम्हा दोघांना आता अनुभवाने कळलंय.

मधुमालती
ओंकार, तुमचे आणे आजपासून आमच्या घरात सुरू. आज सात आणे.

उत्तरा_डब्लिन
मला आरए नाही, क्रोन्स आहे. आतड्याची सूज. पण ही कथा अगदी तीच आहे, म्हणून लिहिते.

माझ्या पोटाला लोहाच्या गोळ्या अजिबात चालत नव्हत्या. आणि काका म्हणाले तसं सूज असताना आतड्याच्या दारालाच कुलूप असतं, मग तोंडाने घेतलेलं आत जाणार कसं? मला शिरेतून लोह दिलं, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. एका बैठकीत १००० मिलिग्रॅम, अर्धा तास खुर्चीत बसून. तीन आठवड्यांनी एका सकाळी मी जिना चढून गेले आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की मी थांबलेच नाही. ते मी कधी विसरणार नाही.

एक सावधगिरी. या औषधाने काही जणांत रक्तातलं फॉस्फेट खाली जातं. माझं गेलं होतं. हिमोग्लोबिन वाढलं आणि तरी स्नायू लुळे, हाडं दुखायची. दोन महिने सगळे म्हणत होते, आता तर रक्त चांगलं आहे! शेवटी फॉस्फेट तपासलं तेव्हा कळलं. डोस मोठा किंवा पुन्हा पुन्हा घ्यायचा असेल तर डॉक्टरांना याबद्दल विचारा.

ज्यांना गोळ्या चालतात त्यांच्यासाठी: रोज घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतल्या तर अंगी जास्त लागतात. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या बायकांत मोजलं होतं. रोज घेतल्यावर १६.३ टक्के लोह शोषलं गेलं, एक दिवसाआड घेतल्यावर २१.८ टक्के. कारण गोळी घेतली की दुसऱ्या दिवसापर्यंत हेपसिडिन वाढलेलं राहतं. पोटालाही आराम मिळतो. त्या बायकांना सुजेचा आजार नव्हता, त्यामुळे आपल्यासारख्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

वैद्य_अनामिका
मी आयुर्वेदाची पदवीधर, प्रॅक्टिस करते. पांडुरोग, म्हणजे रक्त कमी होऊन फिकट पडण्याचा आजार, आणि त्यातला दौर्बल्य-श्वास चरकसंहितेत आहे, आणि त्यावरचं मंडूर म्हणजे लोहाचंच कीट. म्हणजे आम्हीही शेवटी लोहच देतो. पण रुग्णाने दोन्हीकडची औषधं दोन्ही डॉक्टरांपासून लपवून घ्यायची, हे मला रोज दिसतं आणि फार त्रास होतो. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर मला सांगा. मी देते ते त्यांना सांगा. बिननावाच्या पुडीला आयुर्वेद म्हणू नका, ही विनंती.

कण्हेर
रिपोर्ट आले. सीरम आयर्न ३४, टीआयबीसी २९०. मी स्वतः भागाकार केला: ११.७ टक्के. बी१२ १९०, काठावर. थायरॉइड ठीक. थॅलेसेमियाची तपासणी ठीक.

लॅबवाले_काका
म्हणजे दोन्ही. सुजेचं कुलूप आहेच, पण कणगीसुद्धा रिकामी होत चाललीय. आता मोठा प्रश्न, लोह जातंय कुठे? पाळी कशी आहे? आणि तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंत, "फारच ठणकले तर दुखण्याची गोळी". आठवड्यातून किती वेळा, खरं सांगा.

कण्हेर
पाळी नियमित, जास्त नाही.

गोळीचं खरं सांगते. दिवाळीनंतर स्नेहसंमेलनाची तयारी होती, मग शाळा-तपासणीची, मग परीक्षा. डायक्लोफेनॅक रोज दोन. कधी तीन. मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही. आरएच्या डॉक्टरांना मी "अधूनमधून" सांगितलं. मला वाटायचं, जास्त सांगितलं तर ते मोठी औषधं सुरू करतील. पोटात जळजळ होते, पण ती मी लोहाच्या गोळ्यांवर ढकलत होते.

लॅबवाले_काका
आज लिहिलंत ते फार बरं झालं. शौचाची ऑकल्ट ब्लड तपासणी करून घ्या. रक्त थेंबाथेंबाने जात असेल तर डोळ्यांना दिसत नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं तर थेट हॉस्पिटल, रात्र असली तरी. आणि उद्याच तुमच्या आरएच्या डॉक्टरांना फोन करून हाच आकडा सांगा. रोज दोन, कधी तीन.

रमा७७
कण्हेर, तू एकटी नाहीस. मीही पाठदुखीसाठी असंच करायचे. डॉक्टरांना कमी सांगणं ही आपल्या सगळ्यांची खोड आहे. चांगली रुग्ण म्हणवून घ्यायचं असतं आपल्याला.

शिंपले
कढईबद्दल राहिलंच. गोदाकाठ, बिडाची चांगली का पत्र्याची? माझी दर पावसाळ्यात गंजते.

गोदाकाठ
दोन्ही चालतात. घासली की गॅसवर ठेवून पूर्ण कोरडी करा आणि गरम असतानाच तेलाचा बोळा फिरवा. पावसाळ्यात कागदात गुंडाळून ठेवा. माझी आजेसासूबाईंची आहे, तळाला बोट फिरवलं तर आरशासारखी गुळगुळीत.

सह्याद्रीपुत्र
आत्याला घेऊन गेलो होतो. रमाताईंचं खरं निघालं. आता डॉक्टर हळूहळू कमी करत आणताहेत. बाकी काही लिहीत नाही, मनापासून आभार.

कण्हेर
(साडेतीन महिन्यांनी) धागा वर काढतेय, कारण शेवट सांगायचा राहिला.

ऑकल्ट ब्लड पॉझिटिव्ह आलं. एंडोस्कोपीत जठरात दोन छोटे अल्सर दिसले. डॉक्टर रागावले नाहीत, स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. लालसर अस्तर आणि त्यात पांढरट खड्डे, शेंगदाण्याएवढे. डायक्लोफेनॅक त्याच दिवशी बंद. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या सुरू. त्या गोळ्यांनी लोह शोषायला आणखी अडचण होते, आणि पोट असं झालेलं, म्हणून लोह शिरेतून दिलं. उत्तराताई, फॉस्फेट विचारलं, नंतर तपासलंही, ठीक होतं. बी१२ ची इंजेक्शनं झाली. आणि ज्या मोठ्या औषधांना मी घाबरत होते तो प्रश्न डॉक्टरांनी साध्या भाषेत सोडवला: "तुम्हाला रोज दोन गोळ्या लागत होत्या, म्हणजे आजार आटोक्यात नव्हताच." मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन केलं, डोस वाढवला.

आता हिमोग्लोबिन ११.६, सॅच्युरेशन २४ टक्के, सीआरपी ६. बावीस पायऱ्या न थांबता चढते. बर्फ सुटला.

पण सगळा थकवा गेला का? नाही. निम्म्याहून जास्त गेला. जो उरलाय तो वेगळा आहे, तो ओळखू यायला लागलाय. धाप नाही, धडधड नाही. दुपारी तीननंतर अंगावर ओली गोधडी पडल्यासारखं होतं. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर "दोन्ही" असं होतं. रक्ताचा होता तो औषधाने गेला, आरएचा आहे त्याच्याशी रोज जमवून घ्यावं लागतं. मुख्याध्यापकांना रिपोर्ट दाखवून पाचवा तास बदलून घेतला, आता तेव्हा वह्या तपासते. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात वीस मिनिटं सतरंजीवर पाय वर करून पडते. संध्याकाळी रोज पंधरा मिनिटं चालते, अगदी चार आण्यांच्या दिवशीसुद्धा, तेव्हा पाचच मिनिटं. पहिले तीन आठवडे चालून जास्त थकायचे, नंतर उलटं झालं. डॉक्टर म्हणाले की सुजेच्या आजारातल्या थकव्यासाठी हालचाल हा उपाय चांगला तपासलेला आहे, आणि युरोपातल्या ऱ्हुमॅटॉलॉजीच्या संघटनेने, युलारने, २०२३ च्या शिफारशींत तो घेतलाय.

सासूबाईंना शिंपले यांचा बिटाबद्दलचा प्रतिसाद वाचून दाखवला. आता त्या मटकीला मोड आणतात आणि चहाचं भांडं जेवणानंतर तासभर लपवून ठेवतात.

मधुमालती
ओली गोधडी! अगदी हाच शब्द मला नऊ वर्षं सापडत नव्हता.

लॅबवाले_काका
फार आनंद झाला. तीन महिन्यांनी सीबीसी आणि आयर्न प्रोफाइल पुन्हा करा. अल्सर भरलाय का तेही डॉक्टरांना विचारा.

नवी_पालवी
नमस्कार, नवीन आयडी. हा धागा शोधात सापडला. माझ्या आईला (वय ६१) आरए आहे, हिमोग्लोबिन ९.१, फेरीटिन २४०. डॉक्टर म्हणाले लोह भरपूर आहे. ती दिवसभर झोपूनच असते. काय करू?

कण्हेर
पालवी, २४० सुजेमुळेही वाढलेलं असू शकतं आणि लोह खरंच भरपूरही असू शकतं, त्यामुळे आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नकोस. सीआरपी, सीरम आयर्न आणि टीआयबीसी झालंय का? क्रिएटिनिनही बघा, माझ्या डॉक्टरांनी किडनीसाठी ते करायला लावलं होतं. मेथोट्रेक्सेट असेल तर ते आठवड्यातून एकदाच जातंय ना, डबी स्वतः उघडून बघ. आणि आई दुखण्याच्या गोळ्या किती घेते ते तिला विचारू नकोस, ती "अधूनमधून" म्हणेल. उशाखालच्या रिकाम्या पट्ट्या मोज.